लिंबूटिंबू आणि राज्य

काही वर्षांपूर्वी आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गातील एक विद्यार्थी मोटारसायकलच्या अपघातानंतर पाच-सहा महिन्यांनी महाविद्यालयात परतला. हातापायांना कुठे इजा दिसत नव्हती. डोक्यावरचे केस पुन्हा वाढले होते. त्याची आई व्हरांड्यातील बाकावर तास संपेपर्यंत बसून राही. एकदा मधल्या सुट्टीत तो मोबाइलवर रंगीत ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळताना मला दिसला आणि मी सहज, पण मास्तरकीच्या सुरात म्हणाले, ‘‘अरे, इतके महिने बुडाले आणि आता हा पोरखेळ?’’ तो गप्प राहिला. उत्तर त्याच्या आईने दिले. ‘‘मॅडम, दवाखान्यातच सांगितलंय. रोज वीस मिनिटं. सध्या तोच अभ्यास आहे त्याचा.’’

त्या उत्तराने मी ओशाळले. पण त्याहून अधिक काळ माझ्या मनात राहिला तो मीच वापरलेला शब्द. पोरखेळ, खेळखंडोबा, जिवाशी खेळ, ‘हा काय खेळ वाटला तुला?’ अशी आपल्या भाषेतील किती तरी वळणे खेळाला क्षुल्लक तरी ठरवतात, नाही तर अनर्थाचे मूळ. त्यात तो खेळ पडद्यावरचा असला, तर आपल्यासारख्या साहित्याच्या माणसांना त्याच्याविषयी विचार करण्याचीही गरज वाटत नाही. व्हिडिओ गेम म्हणजे वाचनसंस्कृतीचा शत्रू, हे आपण जवळजवळ गृहीतच धरले आहे. मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनात या खेळांचा जो वापर होतो, त्याकडे पाहिले की हे गृहीत तपासून पाहावे लागते. मात्र ते तपासताना यंत्राच्या जाहिरातदारांच्या पंक्तीला जाऊन बसण्याचेही कारण नाही.

या दुखापतीचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे. पाय मोडलेल्या माणसाचे दुःख सर्वांना दिसते. मेंदूला मार बसलेल्या माणसाचे दिसत नाही. लक्ष टिकत नाही, वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचेतो सुरुवात निसटते, दोन कामे एकत्र करता येत नाहीत, राग आवरत नाही, एखादी गोष्ट सुरू करण्याची उर्मीच उरत नाही. घरचे म्हणतात, आळशी झाला. शिक्षक म्हणतात, लक्ष देत नाही. रशियन मनोवैज्ञानिक अलेक्झांडर लुरिया यांनी अशा एका माणसाची हकिकत १९७१मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. लेव्ह झासेत्स्की हा तरुण सैनिक १९४३मध्ये स्मोलेन्स्कच्या परिसरातील लढाईत डोक्यात गोळी लागून जखमी झाला. त्याला शब्द कळत, पण शब्दांमधले नाते कळत नसे. ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ या धर्तीच्या रचनांत फरक काय, हे त्याला उलगडेना. आपण वर्गात षष्ठीचा प्रत्यय पाच मिनिटांत शिकवून पुढे जातो. त्या एका प्रत्ययात जगाची केवढी व्यवस्था सामावलेली आहे, हे झासेत्स्कीची हकिकत वाचल्यावर समजते. ज्याचे जग असे विस्कटले आहे, त्याला पुन्हा कुठून तरी सुरुवात करायची असते. ती सुरुवात लहान, नियमबद्ध आणि पुनःपुन्हा करता येण्याजोगी असावी लागते.

नेमका हाच गुण खेळात असतो. म्हणून १९८०च्या दशकाच्या आरंभीच, घरोघरी अटारीची यंत्रे आली त्या काळात, कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात विल्यम लिंच या मानसशास्त्रज्ञांनी मेंदूला दुखापत झालेल्या रुग्णांसाठी दूरचित्रवाणीवरील खेळांचा उपयोग सुरू केला. पुढे २००६मध्ये निन्टेंडो कंपनीचे ‘वी’ हे यंत्र बाजारात आले. त्याची मूठ हातात धरून प्रत्यक्ष हात फिरवला की पडद्यावरचा चेंडू टोलवला जाई. इराक आणि अफगाणिस्तानातील स्फोटांत मेंदूला इजा झालेले सैनिक त्याच सुमारास मोठ्या संख्येने अमेरिकेत परतत होते. रुग्णालयांतून हे यंत्र इतके रुळले की ‘रिहॅब’ या शब्दाला जोडून ‘वीहॅब’ असा शब्दच तयार झाला. बोलिंगच्या खेळात तोल सांभाळायचा, हात मागे न्यायचा, बटण दाबून धरायचे आणि नेमक्या क्षणी सोडायचे. फिजिओथेरपीच्या खोलीत हेच व्यायाम वेगवेगळे करायला सांगितले तर दहाव्या वेळी रुग्ण कंटाळतो. खेळात तो स्वतःहून अकरावा डाव मागतो.

मेंदूचे पुनर्वसन हे मुख्यतः आवृत्तीचे शास्त्र आहे. एखादी हालचाल, एखादी निवड, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे नेण्याची कृती अनेकदा आणि काठिण्य हळूहळू वाढवत करावी लागते. खेळ ताबडतोब सांगतो की जमले की नाही; आणि जमले नाही तर उसासा टाकत नाही, घड्याळाकडे पाहत नाही, ‘कालच तर सांगितलं होतं’ असे म्हणत नाही. त्या विद्यार्थ्यासमोर मी जो चेहरा केला होता, तसा चेहरा यंत्राला नसतो. खेळाच्या उपयोगाचे हे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. मार खाल्लेल्या मेंदूला चुकण्यासाठी जागा हवी असते, आणि घरी, वर्गात, कचेरीत तीच जागा नसते.

येथवर यंत्राची बाजू झाली. आता दावे आणि पुरावे यांतील अंतर पाहू. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळांचा मोठा बाजार उभा राहिला आहे. त्यांपैकी ‘लुमॉसिटी’च्या निर्मात्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या जाहिरातींबद्दल कारवाई केली आणि जानेवारी २०१६मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. आक्षेप घेतलेल्या दाव्यांत मेंदूच्या दुखापतीमुळे येणारी बौद्धिक दुर्बलता कमी होते, हाही दावा होता. मूळ अडचण अशी की खेळात प्रावीण्य मिळाले म्हणजे ते प्रावीण्य जगण्यात उतरतेच असे नाही. ठोकळे भराभर जुळवणारा माणूस भाजी आणायला जाऊन पैसे देण्याचे विसरू शकतो.

दुसरा पुरावा पक्षाघाताच्या क्षेत्रातला आहे. तो आजार वेगळा. तरी हाताच्या हालचाली परत मिळवण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सारखा असल्याने तो येथे उद्बोधक ठरतो. २०१६मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या, चार देशांत केलेल्या चाचणीत नुकताच पक्षाघात झालेल्या १४१ रुग्णांचे दोन गट केले होते. नेहमीच्या उपचारांखेरीज एका गटाला ‘वी’वरचे खेळ दिले, दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, चेंडूचा खेळ अशी साधी करमणूक. दोन्ही गट सुधारले, आणि यंत्राचा गट पत्त्यांच्या गटाहून पुढे गेला नाही. २०१७मध्ये कॉक्रेन संस्थेने पक्षाघातावरील ७२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. हाताच्या कार्यक्षमतेच्या बाबतीत असे खेळ नेहमीच्या उपचारांच्या जागी दिल्यास अधिक लाभ नाही, मात्र त्यांच्या जोडीला देऊन एकूण सरावाचा वेळ वाढवल्यास लाभ होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

पत्त्यांच्या गटाची ही गोष्ट वाचून कुणी ‘पाहा, यंत्र निरुपयोगी ठरले’ असे म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्या चाचणीत हरले असेल तर यंत्राचे वेगळेपण हरले. खेळ हरला नाही. पत्ते आणि यंत्र या दोहोंत समान काय होते, तर डाव मांडणे, आपली पाळी येणे, हरणे आणि पुन्हा वाटून घेणे.

या समान घटकाचे अधिक लखलखीत उदाहरण जेन मॅकगॉनिगल या अमेरिकन खेळरचनाकार लेखिकेचे आहे. २००९च्या उन्हाळ्यात कपाटाच्या उघड्या दारावर डोके आपटून त्यांच्या मेंदूला धक्का बसला. लक्षणे महिनाभरानंतरही हटेनात. वाचन, लेखन, व्हिडिओ गेम, व्यायाम यांवर डॉक्टरांनी बंदी घातली, आणि निराशा आत्महत्येच्या विचारापर्यंत गेली. तेव्हा त्यांनी स्वतःपुरता एक खेळ रचला. दूरचित्रवाणी मालिकेतील पिशाच्चांशी लढणाऱ्या नायिकेवरून स्वतःला एक भूमिका दिली. जुळी बहीण आणि पती यांना सोबती केले. प्रखर उजेड, गर्दी यांसारख्या त्रास वाढवणाऱ्या गोष्टी या खेळातले शत्रू ठरल्या. आणि अगदी वाईट दिवशीही करता येतील अशा छोट्या सुखद कृती या खेळातल्या शक्ती. त्यांच्या सांगण्यानुसार थोड्याच दिवसांत निराशेचे मळभ विरळ झाले. डोकेदुखी आणि इतर लक्षणे मात्र वर्षाहून अधिक काळ राहिली. या खेळातून पुढे ‘सुपरबेटर’ हे उपयोजन निघाले. २०१७मध्ये किशोरवयीन रुग्णांवरील एका लहान अभ्यासात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ते वापरल्यावर लक्षणांत घट आणि आशावादात वाढ दिसली. अभ्यास छोटा होता आणि लेखकांत खुद्द मॅकगॉनिगल होत्या, हे ध्यानात ठेवून त्याचे वजन करावे. पण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की त्या पहिल्या खेळात पडदा नव्हताच. तिथे होती एक भूमिका, काही नियम आणि दोन सोबती. साहित्याच्या अभ्यासकाला यातील पहिली गोष्ट परिचयाची वाटावी. ‘मी रुग्ण आहे’ या वाक्याचा कर्ता तोच राहिला आणि क्रियापद बदलले: ‘मी लढते आहे’.

येथे एक तात्त्विक आक्षेप संभवतो. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळाचे पहिले लक्षण सांगितले ते स्वेच्छेचे. आज्ञेने खेळला जाणारा खेळ हा खेळ उरत नाही. मग ‘रोज वीस मिनिटे’ अशी चिठ्ठी लिहून दिलेला खेळ हे औषधच नव्हे काय? आक्षेप खरा आहे. परंतु आपल्या परंपरेत याचे एक वेगळे उत्तर सापडते. तुकोबांच्या गाथेत हमामा, फुगडी, हुतुतू, चेंडूफळी या खेळांवर अभंग आहेत. तिथे खेळाला प्रयोजन आहे, उपदेश आहे, तरी दम लागण्याची, गिरकीची, गड्यांच्या आरोळीची मजा उणावत नाही. महानुभावांनी तर चक्रधरांच्या चरित्राला ‘लीळा’ हेच नाव दिले. प्रयोजन आणि क्रीडा यांचे वैर आपल्याकडे अटळ मानलेले नाही. प्रयोजन बाहेरच्याने लादले की खेळणाऱ्याने स्वीकारले, एवढाच प्रश्न उरतो.

आणि तोच प्रश्न मोलाचा आहे. त्यासाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे: लिंबूटिंबू. गल्लीतल्या खेळात धाकट्या भावाला घ्यावेच लागते. तो पळतो, लपतो, ओरडतो. पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. ही फार मायेची सोय आहे. पडद्यावरचा उपचारात्मक खेळ हेच करतो. रुग्णाची गती पाहून तो स्वतःची गती कमी करतो, शत्रू थोडे सौम्य करतो, तोल गेला तरी खेळ चालू ठेवतो. सुरुवातीला हे हवेच. पण लिंबूटिंबूला एक दिवस कळते की आपल्याला कुणी मोजतच नाही, आणि त्या दिवशी तो रडत घरी येतो. मेंदूला दुखापत झालेला प्रौढ माणूस ही गोष्ट पहिल्या दिवसापासून जाणतो. म्हणून माझे मत असे आहे: पुनर्वसनातील खेळाची कसोटी पडद्यावर किती गुण जमले ही नव्हे, त्या माणसावर पुन्हा राज्य येऊ लागले की नाही, ही आहे. खेळ निवडणे, नियम ठरवणे, समोरच्याला हरवणे, आणि समोरचाही खरोखर हरला हे कळणे, या वाटेवर तो किती पुढे गेला, ते पाहिले पाहिजे. यंत्र त्याला मैदानापर्यंत आणू शकते. त्याला मोजायचे ते माणसांनी.

झासेत्स्कीकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. अक्षरे आठवून लिहिणे त्याला अशक्य होते. हात न उचलता, विचार न करता शब्द सलग लिहिता येतो, हे एका डॉक्टरच्या सूचनेवरून त्याला उमगले. त्यानंतर तो सुमारे २५ वर्षे आपली कहाणी लिहीत राहिला, जवळजवळ ३००० पाने. लिहिलेले त्याला स्वतःला वाचता येणे दुरापास्त होते. तो बरा झाला असे कोणत्याही मोजमापाने म्हणता येणार नाही. पण दररोज सकाळी कागदासमोर बसणे ही त्याची निवड होती. त्या डावात राज्य त्याचे होते. दुखापतीच्या आधीचा मी आणि नंतरचा मी यांना जोडण्याचे काम कुठल्याही ठोकळ्यांच्या खेळाने होत नाही. त्यासाठी गोष्टच लागते. खेळ आणि गोष्ट यांना एकमेकांचे वैरी ठरवून आपण दोघांचेही नुकसान करतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. जखमींतील अनेक जण डोक्याला मार घेऊन घरी येतात. शस्त्रक्रिया होते, बिल भरले जाते, टाके निघतात, आणि मग खरा प्रदीर्घ काळ सुरू होतो तो घरात. आई, पत्नी किंवा धाकट्या भावाच्या भरवशावर. अशा घराला मोबाइलवरील झगमगीत खेळ हाताशी असतो. त्याचे काय करावे हे सांगणारे माणूस मात्र हाताशी असतेच असे नाही. म्हणून सावधगिरीचे चार शब्द आवश्यक आहेत. कोणता खेळ, केव्हा आणि किती वेळ, हे उपचार करणाऱ्यांना विचारूनच ठरवावे. पडद्याच्या उजेडाने काहींची डोकेदुखी वाढते; लुकलुकत्या प्रकाशाने काहींना आकडी येण्याचा धोका असतो. स्वतःला आवरण्याची शक्तीच दुबळी झालेली असताना पैसे लावण्याचे किंवा पैसे उकळणारे खेळ हातात देणे म्हणजे खरोखरच जिवाशी खेळ. आणि ‘मेंदू तल्लख करा’ म्हणणाऱ्या जाहिरातीसाठी कर्ज काढण्याची गरज नाही; पत्त्यांचा जोड घरात असतो.

यापुढचे निवेदन आपल्यासारख्यांसाठी. बाजारातील असे बरेचसे शब्दखेळ इंग्रजीत असतात. ज्याची लय, ज्याचे नातेवाचक शब्द, ज्याच्या शिव्यासुद्धा मराठी आहेत, त्याने हरवलेले शब्द इंग्रजीच्या अंगणात का शोधावेत? भेंड्या, कोडी, उखाणे, अर्ध्यावर सोडलेली म्हण पुरी करणे, एका अक्षरावरून दहा शब्द सांगणे: आठवण, लक्ष, क्रम, पाळी सांभाळणे असे सारे काही या खेळांत आहे. यांनी रुग्ण बरा होतो असा दावा मी करत नाही. मी एवढेच म्हणते की व्यवसायोपचार करणाऱ्यांनी काठिण्याची पायरी सांगावी आणि मराठीच्या विभागांनी त्या पायरीला साजेसा मजकूर द्यावा. हा प्रकल्प पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला आहे, आणि अनेक शोधनिबंधांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

त्या विद्यार्थ्याने त्या वर्षी परीक्षा दिली नाही. पुढील वर्षी निम्मे विषय दिले. मधल्या काळात वर्गातील तीन-चार मुले सुट्टीत त्याच्याभोवती बसून भेंड्या खेळत. पहिले काही दिवस ती त्याला हळूच अक्षर सुचवीत. एकदा त्यानेच हात उंचावून त्यांना थांबवले आणि बराच वेळ घेतला. घंटा झाली तरी कुणी उठले नाही. अक्षर काही त्याला सापडले नाही, आणि त्याच्या गटावर भेंडी चढली. दुसऱ्या दिवशी तो सर्वांच्या आधी बाकावर येऊन बसला होता.